डाळ शिजवणारं पाणी

आमच्याकडे पाण्याची परीक्षा जिभेवर होत नाही, चुलीवर होते. ज्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजते ते पाणी चांगलं, आणि ज्यात ती रटरट उकळूनही आख्खीच राहते ते वाईट. पूर्वी मुलगी द्यायची तर जमीन किती, जनावरं किती याबरोबर ‘डाळ शिजती का?’ हेही विचारलं जायचं, आणि तो प्रश्न कोणी गमतीवारी नेत नसे. माझी माय लग्न होऊन आली तेव्हा आमच्या वस्तीवर एकच आड होता आणि त्याचं पाणी जड. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, हंड्याच्या आत पांढरी पुटं चढायची. अर्धा जन्म सरपण गोळा करण्यात गेला आणि अर्धा डाळ घोटण्यात, असं माय अजून म्हणते.

मग एका कोरड्या साली माझ्या धाकट्या भावानं घराच्या वरच्या अंगाला बोअर घेतला. फार खोलवर लागलं, पण पाणी लागलं. त्या पाण्यात डाळ कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला मऊसूत. वस्तीवरच्या बायकांनी त्या बोअरची खणानारळानं ओटी भरली. घरी पाहुणे यायचे असले की शेजारच्या वाड्यांवरचे लोक कॅन घेऊन येऊ लागले, वरणापुरतं द्या म्हणून. आड मागे पडला, जनावरांना आणि सडा-सारवणाला तेवढा उरला. पुढे भाऊ ग्रामपंचायतीवर निवडून आला, तेव्हा ती मतं त्याच्या भाषणांना नव्हे, डाळीला पडली असं मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. तो हसला होता, कारण त्यालाही तसंच वाटत होतं.

मी भूजलाचं काम करते. जमिनीत पाणी कुठे आहे ते यंत्रानं शोधायचं आणि सापडलेलं पाणी पिण्याजोगं आहे का ते तपासायचं, असं माझं दुहेरी काम. पिकतं तिथं विकत नाही, तेव्हा माहेरी माझ्या यंत्राला कोणी विचारलं नव्हतं, आणि माझ्या नाकावर राग असल्यामुळे मीही आपण होऊन काही विचारलं नव्हतं. सुट्टीला यायचं, मायच्या हातचं खायचं, दोन दिवसांत परत जायचं. त्या चैत्रात मात्र भावाचा फोन आला. बोअरचं पाणी कमी पडू लागलं होतं. अंगणवाडीला आणि शाळेला नळ देतो असा शब्द त्यानं दिला होता, आणि त्यासाठी पहिल्या बोअरच्या शेजारी आणखी खोल दुसरा घ्यायचा होता. बोअरची गाडी ठरली होती. नारळावर पाणी दाखवणारा नारायणगडाकडचा एक पाणाड्याही बोलावला होता. तू बी ये, तो म्हणाला, यंत्र असलं की लोकांला बरं वाटतं. म्हणजे मला शोभेला बोलावलं होतं. मी फणकारले, आणि गेले.

माझ्या यंत्रात जादू काही नाही. जमिनीत एका ओळीत चार पोलादी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांवर मोजायचं की जमीन त्या विजेला किती अडवते. कोरडा काळा कातळ फार अडवतो, ओला मुरूम सहज जाऊ देतो. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्यात तितकं खोलचं कळतं. आमच्याकडची जमीन म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, मध्येच लाल मातीचा पट्टा, मध्येच बारीक भोकांचा मांजऱ्या खडक, ज्याच्या भोकांत पांढरे स्फटिक बसलेले असतात. पाणी राहतं ते या थरांच्या सांध्यांत आणि भेगांत. वरून सगळीकडे सारखंच ढेकूळ दिसतं.

भाऊ एका टोकाला हातोडा घेऊन, त्याचा एक मित्र दुसऱ्या टोकाला आणि मी मध्ये यंत्रापाशी, असं आम्ही सकाळभर काम केलं. माती इतकी वाळलेली होती की प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागत होतं. तिकडे पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून सावकाश फिरत होता. बांधाजवळच्या एका जागी त्याचा नारळ उभा राहिला. त्यानं तिथे दगड ठेवला. माझा आलेख काढून झाला तेव्हा मी कपाळाला हात लावला, कारण सगळ्यात चांगला ओला सांधा त्या दगडाखालीच दिसत होता, खूप खोल, पण स्पष्ट. मी चुन्याची फक्की टाकून फुली मारली. भावानं नारळ, दगड, फुली आणि मी असा फोटो काढून वस्तीच्या ग्रुपवर टाकला. पाणाड्यानं मला नमस्कार केला आणि मीही त्याला केला. इतकं सरळ काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

बिनसलं ते हात धुताना. नवा साबण लावला आणि हातावर बोअरचं पाणी घेतलं, तर बुळबुळीतपणा जाता जाईना. घरच्यांना त्याची सवय होती. मी मात्र परक्यासारखी आले होते म्हणून म्हणा किंवा दिवसभर त्याच पाण्याचा विचार करत होते म्हणून म्हणा, मला ते खटकलं. खिशातल्या छोट्या मापकानं पाहिलं तर पाणी चांगलंच सोड्याच्या अंगाचं निघालं. तेवढ्यात शेजारची चौथी-पाचवीतली मुलगी विरजण मागायला आली. मी तिला काहीतरी चेष्टेनं विचारलं आणि ती हसली. तिच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते.

असे पट्टे मी दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्यांच्या लेकरांच्या तोंडात पाहिले होते. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात घडतानाच ते त्यांत शिरतं. आधी खडूसारखे डाग, मग पट्टे, आणि वर्षानुवर्षं प्यायलं की हाडंही धरतात. मी मुलीला विचारलं, हे कधीपासून. मायच म्हणाली, आगं, दात घाशीत न्हाई ती, तिच्या मायनं लाख सांगितलं. भाऊ म्हणाला, गुटखा खाणाऱ्यांच्या घरची हाय. मुलगी तोंड मिटून विरजण घेऊन निघून गेली आणि मला दोघांचाही राग आला.

ओसरीवर भाची बोअरच्या पाण्यानं भरलेला तांब्या तोंडाला लावून पीत होती. तीन-साडेतीन वर्षांची, भावाची पहिली. जन्मल्यापासून दुसरं पाणी तिला ठाऊक नव्हतं. भावजयीला दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते. मी भाचीच्या हातून तांब्या काढून घेतला तर तिनं भोकाड पसरलं. मी भावाला म्हटलं, तपासणी होईपर्यंत हे पाणी पोरीला देऊ नका आणि नवा बोअर मारू नका. तो म्हणाला, सकाळी तूच तर फुली मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरच्या आणि आडाच्या पाण्याच्या बाटल्या भरून मी बीडला नेल्या. प्रयोगशाळेत एक मैत्रीण आहे, तिच्या हातात दिल्या, लवकर कर म्हणून तिच्या डोक्यावर बसले आणि परत आले. गाडी यायला अजून एक दिवस होता. पण बोअरवाल्यांचं आधीचं काम लवकर आटपलं, मांजरसुंब्याच्या धाब्यावर जेवून ते त्याच दुपारी वस्तीवर हजर झाले. तमिळनाडूची ती दोन अवजड वाहनं बांधावरून आत आली. वस्ती गोळा झाली. कोणी हळद-कुंकू आणलं, कोणी नारळ. गाडीवाले गाडीचे पाय रोवून ड्रिल उभं करू लागले. मी दर दोन मिनिटांनी फोन पाहत होते आणि भाऊ माझ्याकडे पाहायचं टाळत होता.

नारळ फुटायच्या बेतात असताना फोन आला. मैत्रिणीनं आधी विचारलं, पहिली बाटली कोणाकडची आहे? मी म्हटलं, घरची. ती म्हणाली, फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर आहे गं, मी पुन्हा मोजलं. आडाची बाटली मात्र ठीक होती. जड, पण फ्लोराइड मर्यादेच्या आत. गाळ काढून, निर्जंतुक करून प्यायला हरकत नाही, ती म्हणाली.

मी जाऊन सरळ फुलीवर उभी राहिले. आता हसू येतं, पण तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. ड्रिलचा दांडा माझ्या डोक्यावर होता आणि गाडीवाला हिंदीत ओरडत होता, हटो म्हणून. भाऊ आला. सगळ्यांसमोर आवाज न चढवता तो दातओठ खात बोलला.

“ताई, कावून इज्जत काढायली? यंत्र तुझं, फुली तुझी. आन् आता तूच म्हनती पिऊ नका.”

“यंत्राला पाणी हाय एवढंच कळतं,” मी म्हटलं. “त्यात काय हाय ते बाटली सांगती. बाटलीनं न्हाई म्हटलंय.”

त्यावर गलका झाला. एक म्हातारा म्हणाला, ज्या पाण्यात डाळ शिजती ते पाणी वाईट आन् जे डाळीला न्हाई शिजवीत ते चांगलं, ही कुठली विद्या? लोक हसले. त्याचं बरोबरच होतं, म्हणजे त्याच्या जागेवरून बरोबर होतं. मी सांगायचा प्रयत्न केला. पाऊस मुरतो तेव्हा वरच्या मुरमातून जाताना पाण्यात चुना उतरतो, म्हणून आडाचं पाणी जड. तेच पाणी खोल गेलं आणि वर्षानुवर्षं मांजऱ्या खडकात राहिलं की त्या खडकातले पांढरे स्फटिक त्याचा चुना काढून घेतात आणि बदल्यात सोड्याचा अंश देतात. चुना असला की तो फ्लोराइडला धरून खाली बसवतो. चुनाच गेला की फ्लोराइड मोकळं. डाळ शिजते ती याच कारणानं. जे डाळीला मऊ करतं तेच फ्लोराइडला पाण्यात राहू देतं. मी हे बरं सांगितलं असं मला वाटलं. कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बोलाचीच कढी, असं एक बाई पुटपुटल्याचं मी स्वच्छ ऐकलं.

आणि तेव्हा माझी माय, जी काल माझ्याविरुद्ध बोलली होती, ती म्हणाली, सोडा म्हणजे धाब्यावर छोल्यात घालतात तो? मी म्हटलं, त्याचाच भाऊ. ती घरात गेली. जाताना गाडीवाल्याला हातानंच थांब म्हणाली, आणि तो थांबलाही. आमच्या मायपुढे थांबतात लोक.

तिनं अंगणातल्या चुलीवर दोन पातेली चढवली. दोन्हींत आडाचं पाणी, दोन्हींत मूठ मूठ डाळ. एकात डब्यातला खायचा सोडा चिमूटभर. मग खाली बसून जाळ सारखा करत राहिली. वस्ती भोवती उभी. बोअरची गाडी इंजिन चालू ठेवून घरघरत होती आणि भाऊ दारात उभा राहून सारखा मनगटावरचं घड्याळ बघत होता. मला धीर धरवेना. सोडा कमी पडला असेल, डाळ जुनी असेल, जाळ मंद असेल, असे सगळे वाईट विचार आले. आयुष्यभर आलेख वाचले, पण इतक्या भीतीनं कधी कशाकडे पाहिलं नव्हतं.

मायनं पळीनं आधी बिनसोड्याची डाळ काढली. दाणे टणक. मग दुसऱ्या पातेल्यातला दाणा बोटांत धरून चिरडला. तो विरघळला. तिनं तो बोटावरचा लगदा कितीतरी वेळ पाहिला.

“मंजे डाळ चांगल्या पाण्यानं शिजत नव्हती,” ती म्हणाली. “सोड्यानं शिजत व्हती.”

मघाचा म्हातारा उठून गेला. पण भाऊ तसाच होता, कारण गाडी आली होती, शब्द दिला होता आणि वस्ती बघत होती. त्यानं भाचीला उचललं आणि माझ्यासमोर आणलं. तिची हनुवटी धरून तिला आ करायला लावलं. दुधाचे दात, पांढरेशुभ्र, एकावरही डाग नाही.

“हातच्या काकणाला आरसा कशाला? जल्मापासून हेच पाणी पेती ही. हाय का कुठं काही?”

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणावर चिडणार. मी त्याला सांगितलं की हे दात पडून जाणार आहेत. ते बहुतेक पोटात असतानाच घडले, आणि तिथं आईनं तिला पुष्कळसं वाचवलं. पक्के दात आता घडताहेत. याच जबड्यात, यांच्याच खाली, रोजच्या पाण्यातून. ते आज कोणाला दिसत नाहीत.

त्यानं अंगठ्यानं भाचीचा खालचा ओठ खाली केला आणि दातांच्या खालच्या हिरड्यांकडे पाहत राहिला, जणू नीट पाहिलं तर दिसेल. भाचीला वाटलं खेळ आहे, ती हसायला लागली.

“हितलं तुझ्या यंत्रात दिसंल?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“कदी कळंल मग?”

“सहाव्या-सातव्या वर्षी. दात आल्यावर.”

त्यानं तिला भावजयीकडे दिलं. मग फुलीपाशी गेला, पायानं फक्की पुसली आणि गाडीवाल्याला म्हणाला, जाव भैया, नहीं करना है. लोकांना त्यानं काही समजावलं नाही. अंगणवाडीला नळ आडाचाच मिळंल, गाळ मी काढतो, एवढंच म्हणाला. गाडी वळून जाईपर्यंत वस्तीतलं कोणी त्याच्याशी बोललं नाही. काही जण तर पुढे वर्षभर बोलले नाहीत.

संध्याकाळी भावजय माझ्याजवळ येऊन बसली. दिवसभरात तिला कोणी काही विचारलं नव्हतं. बोअरच्या पाण्याची घागर तिनं सारवणाच्या घमेल्यात रिकामी केली होती आणि आडावरून दुसरी आणली होती. ती हळूच म्हणाली, ताई, पोटातल्याचं ठीक व्हईल न? मी म्हटलं, होईल, आजपासून बदललं तर नक्की होईल. ती मान हलवून बसली. मग तिनं अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. तो तिनं विचारला नाही याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

भावानं आडाचा गाळ काढला, वर जाळी टाकली. मी मुरमातला ओला पट्टा कुठवर पसरलाय ते मोजून दिलं आणि पिण्यापुरतं पाणी उन्हाळाभर टिकेल एवढं सांगू शकले. बोअर शेताला राहिला. काही घरं अजून लपूनछपून वरणाला त्याचंच पाणी नेतात, आणि माय त्यांना रस्त्यात गाठून फैलावर घेते. तिनं स्वतः डाळ आदल्या रात्री भिजत घालायची सवय लावून घेतली. तरी कुरकुरतेच. भावजयीला मुलगा झाला. भाऊ फोन करतो तेव्हा पावसाचं, पिकाचं, राजकारणाचं सगळं बोलतो. त्या दुपारचं कधी बोलत नाही. मीही काढत नाही.

भाचीला आता सहा वर्षं पुरी झाली. आज सकाळी, मी ऑफिसला पोचले तेवढ्यात भावाचा फोन आला. पाऊस नाही, पीक नाही, काही नाही.

“दात पडला तिचा. खालचा, पुढला.”

मी विचारलं, खालून नवा दिसतोय का, कसा आहे. तिकडून मायचा आणि भाचीचा हसण्याचा आवाज येत होता.

“बघितला न्हाई,” भाऊ म्हणाला. “उजेडात नेलतं तिला. तोंड बी उघडलं तिनं. माज्यानं बघवंना, ताई.”

मी म्हटलं, नको बघू, मी येते. ऑफिसात कोणाला न सांगता खाली उतरले आणि गाडी काढली.